कोपऱ्यातल्या म्हशीची धार आणि माझी बोटं

पाडव्याच्या सकाळी म्हशीच्या शिंगाला गोंडा बांधताना मला गाठ मारता येईना. सत्त्याण्णव सालची दिवाळी. गल्लीत सगरची गडबड चाललेली. सजवलेल्या म्हशी ज्याच्या त्याच्या गाडीमागनं पळवत न्यायच्या, म्हणून कुणी मोटारसायकलचा सायलेन्सर काढून ठेवलेला, कुणी शेवटचा रंग शिंगावर ओढत होतं. आणि मी दोरीची दोन टोकं हातात धरून नुसती उभी. उजव्या हाताची तीन बोटं, अंगठ्याशेजारचं, मधलं आणि त्याच्या पुढचं, दोरी धरतायत की नाही हे मला डोळ्यांनी बघूनच कळत होतं. आतून मुंग्या येत होत्या. वरून पेरं सुजून गच्च झाली होती.

"आवर की," मालक म्हणाले. आमच्याकडं नवऱ्याला मालकच म्हणतात. "समदी गल्ली फुडं गेली."

"गाठ बसंना."

"वीस वर्सं गाठी मारत आलीस, आन् आजच बसंना व्हय?"

त्यांनीच येऊन गाठ मारली. मी घरात गेले आणि वहीत लिहिलं: पाडवा, सकाळी सात. उजवा हात, तीन बोटं. मुंग्या, सूज. गाठ नाही.

मला लिहून ठेवायची सवय आहे. कुठली म्हैस कधी व्याली, कधी फळली, जंताचं औषध कुणाला कधी पाजलं, कुणी किती दूध दिलं, हे गोठ्यातल्या कॅलेंडरवर. गॅसचा सिलिंडर कधी लावला, मुलींच्या परीक्षा कधी, कुणाचा डबा परत द्यायचा राहिलाय, हे स्वयंपाकघरातल्या वहीत. बोटांनाही त्या वहीत एक पान दिलं. मला वाटलं होतं, एक पुरेल.

आमचा गोठा पेठेतच, घराला लागून. सात म्हशी. दूध समोर काढून द्यायची आमची रीत होती. गिऱ्हाईक सकाळ-संध्याकाळ किटली नाहीतर तांब्या घेऊन गोठ्याच्या दारात उभं राहायचं. त्याच्या डोळ्यांदेखत धार निघायची आणि फेसासकट त्याच्या भांड्यात पडायची. पाणी घातलंय का, हा प्रश्नच नको. सहा म्हशींच्या धारा मालक काढायचे. सातवी, कोपऱ्यातली, माझी.

ती आमच्याच गोठ्यात जन्मली आणि आठवड्याच्या आत तिची आई दगावली. तिला बाटलीनं दूध पाजून मी वाढवलं. ती पहिल्यांदा व्याली तेव्हा तिच्या कासेला पहिला हात माझा लागला, आणि तिनं तो कायमचा लक्षात ठेवला. दुसरं कुणी बसलं की दूध वर ओढून धरायची. फारच जवळ गेलं तर लाथ. मालकांच्या गुडघ्यावर तिची एक खूण अजून आहे. इंजेक्शन टोचून पान्हा सोडवायची पद्धत तेव्हा सगळीकडं चालू झाली होती, पण आमच्या सासऱ्यांनी ते कधी गोठ्यात येऊ दिलं नाही आणि त्यांच्या पश्चात आम्हीही नाही. तेव्हा गणित सरळ होतं. माझी बोटं चालली तर ती म्हैस आमच्या गोठ्यात. बोटं थांबली तर ती बाजारात. मी तेव्हा बेचाळीस वर्षांची होते आणि बोटं थांबू शकतात असं माझ्या डोक्यातही नव्हतं.

पहिल्या महिन्यात पाच पानं भरली. पहाटे उठल्यावर त्रास सगळ्यांत जास्त. हात खाली सोडून झटकला की दहा मिनिटांनी थोडं कमी. भाकरी थापताना मधल्या बोटाच्या पेरात कळ. सुईत दोरा घालणं बंद. चहाचा कप दोन्ही हातांनी. लग्नातली अंगठी साबण लावून काढली आणि डब्यात ठेवली. एकदा विळीवर कांदा चिरत होते, तर कांद्यावर लाल दिसलं आणि मग कळलं, बोट कापलंय. त्या दिवशी मी जरा घाबरले. वहीत मात्र तेवढंच लिहिलं: बोट कापलं, कळलं नाही.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरबाई गल्लीच्या टोकाला बसायच्या. त्यांना मी वही दाखवली. त्यांनी सगळी पानं वाचली. कुठल्याही डॉक्टरनं एवढं वाचलेलं मी नंतर कधी बघितलं नाही. मग रक्त तपासलं. साखर बघितली, थायरॉइड बघितलं, सांधेवाताची तपासणी केली, हाताचा फोटो काढला. आठ दिवसांनी मी कागदांची पिशवी घेऊन पुन्हा गेले.

"मावशी, रिपोर्ट सगळे चांगले आहेत."

"मग बोटं का फुगत्यात?"

"ते रिपोर्टात येत नाही."

त्यांनी गोळ्या दिल्या, मनगटाला पट्टा दिला आणि तीन आठवडे हाताला विश्रांती द्या म्हणाल्या. मी पट्टा बांधला, गोळ्या घेतल्या. तिसरी गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली ते मला कळलं नाही.

दारात दुधाला उभ्या राहणाऱ्या माणसांनी तर उपायांचा पाऊस पाडला. निरगुडीच्या पाल्याचा शेक. एरंडाचं पान गरम करून बांधणं. तांब्याचं कडं. कढईत तापवलेली वाळू. एकानं सांगितलं, हात कोमट मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून बसा. एकीनं नजर काढायला सांगितली, आणि ती कुणाची लागली असेल हेही आवाज खाली आणून सांगितलं. मी प्रत्येक उपाय आठ दिवस केला आणि समोर निकाल लिहिला. मिठाचं पाणी तेवढं टिकलं. बाकी सगळ्यांपुढं फुली.

स्वतःच्या सोयी मी स्वतःच शोधल्या. पळीच्या आणि उलथन्याच्या दांड्याला सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळले. दांडा जाड झाला की बोटांना कमी आवळावं लागतं. पेनलाही तसंच. ब्लाउजचे हूक काढून चटपटी बटणं लावून घेतली. बादली कोपराच्या खोबणीत अडकवून उचलायची. दुपारी जेवणानंतर पंधरा मिनिटं दोन्ही हात उशीवर, खांद्याच्या वर, आणि कुणी हाक मारली तरी उठायचं नाही. या गोष्टींनी दिवस पार पडायचा.

पण एका गोष्टीनं मला फसवलं. धार काढायला बसले की सुरुवातीला बरं वाटायचं. कास उबदार असते. सड मुठीत धरला की ती ऊब बोटांत शिरायची आणि मुंग्या थोडा वेळ थांबायच्या. मला वाटलं, हाच व्यायाम आहे, हेच औषध आहे. डॉक्टरबाईंना काय कळतंय म्हशीतलं.

धार काढायची आमची तऱ्हा मुठीची. अंगठा आत दुमडून काढली की दूध लवकर येतं, पण सडाला जाच होतो, म्हणून सासूबाईंनी मला तसं कधी करू दिलं नाही. मुठीनं कास रिकामी होत आली की शेवटचं दूध चिमटीनं निपटून घ्यायचं. सड वरून खाली हळूहळू ओढत, थेंब थांबेपर्यंत. हे शेवटचं दूध थोडंच असतं, अर्धा-पाऊण लिटर. पण त्याला दोन बोटं आणि अंगठा लागतो, आणि माझी नेमकी तीच बोटं गेलेली.

डिसेंबरच्या सुरुवातीला एका सकाळी चिमटी जमेचना. दारात चार माणसं उभी होती. चौघांची भांडी भरली होती. मी उठले. कासेत थोडं राहिलं तर राहिलं, संध्याकाळी निघेल, म्हटलं. संध्याकाळीही भांडी भरली आणि मी उठले. कुणाला काही कळलं नाही. समोर दूध काढून घेणारा माणूस भांड्याकडं बघतो. कासेत काय उरलं ते कोण बघणार? ते फक्त काढणाऱ्याला ठाऊक. मी मालकांनाही बोलले नाही, कारण बोलले असते तर दुसरं वाक्य त्यांचं आलं असतं, आणि ते कुठलं हे मला माहीत होतं.

आठ-दहा दिवसांनी मागच्या गल्लीतल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई दूध घेऊन झाल्यावरही दारातच उभ्या राहिल्या. पंधरा वर्षांचं गिऱ्हाईक. बाकीची माणसं जाईपर्यंत थांबल्या.

"वहिनी, एक विचारू? राग मानू नका."

"इचारा की."

"हल्ली दुधावर साय धरत नाही. पूर्वी भाकरीएवढी यायची. आता नुसता पापुद्रा."

"बाई, धार तुमच्या डोळ्यांम्होरं काढतोय की मी. त्यात पाणी येणार कुठनं?"

"तेच तर मला कळत नाही ना," त्या म्हणाल्या. "म्हणून चार दिवस मी तुमच्या हाताकडंच बघत उभी राहतेय."

त्या गेल्या आणि मी तिथंच ओल्या फरशीवर उभी राहिले. आमच्या दारात पाण्याचा संशय कुणी घेतला नव्हता. सासऱ्यांच्या वेळीही नाही. मला बाईंचा भयंकर राग आला. पेंडीच्या पोत्याला दोष दिला, थंडीला दिला, म्हशीच्या वयालाही दिला. शेवटच्या दुधातच खरी साय असते, हे गोठ्यात वाढलेल्या कुणालाही माहीत असतं. मलाही होतं. पण त्या आठवड्यात ते आठवायची माझी तयारी नव्हती.

आणखी चार दिवसांनी म्हशीचा मागचा एक सड गरम लागला. त्यामागची कासही घट्ट झाली होती. दाबलं की ती पाय उचलायची, माझ्यावरही. पहिल्या धारेत दह्यासारख्या गाठी आल्या. मी दूध ओतून टाकलं आणि गुरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी कास चाचपली, तोंड वाकडं केलं.

"दगडी व्हायला लागलीय. वेळेत बोलावलंत. दूध आत राहतंय का हो?"

"न्हाय," मी म्हणाले.

"निपटून काढता?"

"व्हय की."

त्यांनी सडात औषध सोडलं, दर तीन तासांनी तो सड पूर्ण रिकामा करायला सांगितला आणि गेले. ते गेल्यावर मी कॅलेंडरवर औषधाची नोंद करायला पेन घेतलं. त्याच महिन्याच्या चौकोनांत म्हशीचं दूध लिहिलेलं होतं. पाचवरून साडेचार. साडेचारवरून चार. तारीख बघितली. मग स्वयंपाकघरात जाऊन वही आणली आणि कॅलेंडरखाली उघडून धरली. वहीत त्याच तारखेला माझ्याच अक्षरात होतं: चिमटी होत नाही.

दोन्ही मीच लिहिलेलं. एक गोठ्यात, एक चुलीपाशी. महिनाभर मी दोन्हीकडं नेमानं लिहीत होते आणि एकदाही दोन्ही शेजारी ठेवून बघितलं नव्हतं.

मालक परड्यात कडबा तोडत होते. मी जाऊन सांगितलं. सगळं. डॉक्टरांशी खोटं बोलले तेही.

त्यांनी हातातला कडबा खाली ठेवला. मग म्हणाले, "मला सांगायला काय झालतं?"

"तुमी म्हणाला असता, इकूया."

"म्हणालो असतो. आन् आत्ताबी म्हणतोय. हातकणंगल्याचं पाव्हणं दोन वर्सं झाली मागं लागल्यात. देऊन टाकू."

"त्येंच्यात इंजेक्शन देऊन काढत्यात."

"आन् तू काय केलीस?" ते म्हणाले. आवाज चढवला नाही त्यांनी. त्यामुळं ते जास्त लागलं.

चार दिवस मी दर तीन तासांनी तो सड रिकामा केला, जास्त करून डाव्या हातानं. सड वाचला. डॉक्टरांना खरं सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "पुन्हा झालं तर हा सड जाईल, तिसडी म्हैस सांभाळाल." बाईंच्या घरी मी स्वतः गेले. त्यांच्या स्वयंपाकघरात उभी राहून बोटं दाखवली आणि काय झालं ते सांगितलं. त्यांनी माझा हात हातात घेऊन उलटासुलटा बघितला. म्हणाल्या, "बघा, मी तुमच्या हातांकडं बघत होते, पण बोटांकडं नाही." आणि मला पोहे खायला लावले.

हातकणंगल्याच्या पाहुण्यांना निरोप गेला. ते मालकांच्या मावशीकडून नातलग. पंधरा दिवसांनी टेम्पो घेऊन येतो म्हणाले.

त्या दिवशी जेवताना माझी धाकटी जाऊ म्हणाली, "अक्का, मी बसून बघू का?"

ही जयसिंगपूरची. माहेरी किराणा दुकान, घरात कन्नड. लग्न होऊन चार वर्षं झाली होती आणि गोठ्यात ती आलीच तर पदर नाकाला लावून, कामापुरती. दीर कारखान्यात जायचे. गोठ्याशी त्या दोघांचा संबंध चहापुरता होता.

"तुला शेणाचा वास सोसंना," मी म्हणाले.

"वास नाकाला हाय की अक्का. हाताला कुठं वास येतोय?"

मालक हसले. कितीतरी दिवसांनी हसले.

मग मी कामाला लागले. पंधरा दिवस होते. पहिले चार दिवस तिला गरीब म्हशीवर बसवलं. हात चांगला निघाला तिचा. बोटं लांब, मूठ घट्ट, आणि चिमटी अशी की थेंब मागं राहत नव्हता. मग मी कोपऱ्यातल्या म्हशीसाठी यादी केली: ती मला कशावरून ओळखते. माझं जुनं पातळ, त्याचा वास. बांगड्यांचा आवाज. बसायची जागा. कासेला कोमट पाणी लावायची वेळ. पाठीवर ठेवायचा हात. तोंडानं काढायचा आवाज. एकंदर नऊ गोष्टी झाल्या. जावेला माझं पातळ नेसवलं, माझ्या बांगड्या घातल्या. तिच्या हाताला त्या ढिल्या व्हायच्या, म्हणून दोऱ्यानं बांधल्या. आवाज काढायला शिकवला. तो तिला काही केल्या जमेना. मी काढला की म्हैस कान हलवायची, तिनं काढला की मालक हसायचे.

पाचव्या दिवशी बसवलं. म्हशीनं मान वळवून बघितलं आणि कास आवळून घेतली. सहाव्या दिवशी दुधाची चरवी उडाली. सातव्या दिवशी जाऊ उडाली, पण लागलं नाही. मी शेजारी उभी राहून सांगत होते. मूठ खालनं आवळत वर न्यायची न्हाय, वरनं खाली. अंगठा आत घेऊ नको. घाई करू नको. थांब, तिला श्वास घेऊ दे.

"अक्का," जाऊ गुडघ्यांत चरवी धरून म्हणाली, "हे म्हशीला सांगताय का मला?"

"दोघींना."

"मग तिला आदी सांगा. मला समजतंय."

प्रत्येक वेळी शेवटी मीच बसायचे. ती उठली की मी बसायचे, आणि म्हैस लगेच पान्हा सोडायची. माझी बोटं त्या दिवसांत सगळ्यांत वाईट झाली. डाव्या हातातही मुंग्या सुरू झाल्या. दहावा दिवस गेला. अकरावा गेला. मालक रोज संध्याकाळी कॅलेंडरकडं एकदा बघायचे.

बाराव्या दिवशी माझी मिरजेची तारीख होती. डॉक्टरबाईंनी नसांच्या तपासणीसाठी तिथल्या मोठ्या डॉक्टरांकडं चिठ्ठी दिली होती. तारीख हलत नव्हती. पहाटेची धार काढून मी पहिल्या एसटीनं निघाले. दुपारी तीनपर्यंत परत, संध्याकाळची धार पाचला, असा माझा बेत.

मिरजेत माझा नंबर लागायलाच दोन वाजले. हाताला तारा लावून बारीक झटके दिले आणि मशीनवर रेषा उमटल्या. डॉक्टर तरुण होते, बोलायला चांगले. म्हणाले, मनगटातली नस थोडी मंद आहे, पण एवढ्यानं अशी सूज येत नाही, आणि सूज बघावी तर तिला कारण सापडत नाही. "काही दुखण्यांना नाव नसतं. नाव नाही म्हणून दुखत नाही, असं नाही." काम कमी केलं तर वाढणार नाही, एवढं सांगता येईल म्हणाले. त्यांनी सांगितलेलं शेवटपर्यंत तेवढंच राहिलं. पुढं दहा-बारा वर्षांत मी आणखी तिघांना दाखवलं. कुणी एक नाव दिलं, दुसऱ्यानं ते काढून घेतलं. मी पट्टा, मिठाचं पाणी, जाड दांडे आणि दुपारची उशी चालू ठेवली. कधी महिना बरा जातो, कधी आठवडा वाईट. आता घरात सगळ्यांना माहीत आहे की बरणीचं झाकण मला द्यायचं नाही.

पण त्या दिवशी हे काही माझ्या डोक्यात नव्हतं. एसटी जयसिंगपुरात अर्धा तास थांबली. टायर बदलत होते. पाच वाजले. सहा वाजले. नुकती बरी झालेली कास, त्यात सकाळपासूनचं दूध. मी खिडकीच्या गजाला डोकं टेकवून बसले होते. पाहुण्यांचा टेम्पो तीन दिवसांनी येणार होता, आणि मला वाटलं, उद्याच आला तर बरं. निदान सड धड असताना जाईल.

घरी पोचले तेव्हा साडेसात झाले होते. चप्पल न काढता गोठ्यात गेले. गिऱ्हाइकं गेलेली. कोपऱ्यातली म्हैस बसून रवंथ करत होती. मी खाली वाकून कासेला हात लावला. मऊ होती. रिकाम्या पिशवीसारखी, चारी सड सैल. बोटांना नीट कळत नव्हतं म्हणून हाताची मागची बाजू लावून बघितली. खरंच रिकामी होती.

मागं जाऊ येऊन उभी होती, अंगावर गाऊन, हाताला दुधाचा वास.

"कुणी काढली?"

"मीच की."

"पातळ नेसलीस?"

"न्हाई. येळ कुठं हुता? गाऊनवरच बसलो."

"आवाज काढलास?"

"न्हाई. भ्या वाटत हुतं मला. म्हणून कन्नडात शिव्या देत हुतो."

"शिव्या?"

"हळू आवाजात, अक्का."

मालक दारातून म्हणाले, "पहिला घटकाभर काय आलं न्हाय. ही तशीच बसून ऱ्हायली, शिव्या देत. मग सोडलं म्हशीनं. सव्वाचार लिटर. निपटून."

मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं, दोन्ही एकदमच. मी कॅलेंडरवर सव्वाचार लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी गोठ्यात गेले. जाऊ बसली होती, धार चांगली चालली होती. मी म्हटलं, अंगठा बाहेर ठेव. म्हशीनं कान माझ्याकडं वळवले, मान वळवली आणि धार थांबली. जावेनं दोन-तीनदा सड ओढून बघितला. काही नाही. ती चरवी घेऊन तशीच बसली, माझ्याकडं बघत. मीही बघत राहिले. मग दोघींना एकदमच कळलं.

"अक्का," ती म्हणाली, "तुमी हुबा हाय तवर ती तुमचीच वाट बघणार. मी कशाला लागतोय तिला?"

"मी काय बोलत न्हाय. नुसती उभी ऱ्हातो."

"न्हाई. बाहीर."

"अगं, माझा गोठा हाय."

"व्हय की, तुमचाच हाय. बाहीर."

आठ दिवस मी त्या म्हशीला सांगत होते, की हिला दूध दे. आणि तिच्यासमोर उभी राहून तिला ते देऊच देत नव्हते. मी मालकांकडं बघितलं. ते दुसऱ्या म्हशीच्या पोटाला डोकं टेकवून धार काढत होते आणि त्यांची पाठ हसत होती. म्हणाले, "जा की. पाव्हण्यांला आजच निरोप धाडतो, येऊ नका म्हणून. पर तू जा आदी."

मी बाहेर गेले. वीस वर्षांत दूध काढायच्या वेळी मी त्या दाराच्या बाहेरच्या बाजूला कधी उभी राहिले नव्हते. बाहेर थंडी होती. सातआठ माणसं आपापली भांडी घेऊन उभी होती, आणि सगळ्यांनी आतलं बोलणं ऐकलं होतं. कुणी आकाशाकडं बघत होतं, कुणी किटलीत. मी दाराच्या चौकटीला टेकून आत डोकावायला गेले, तर पहिल्या नंबरला उभ्या असलेल्या शाळेच्या बाईंनी मला हातानं मागं सारलं.

"वहिनी, रांग आहे. मागं जा."

"मला दूध नकोय, बाई."

"मग तर अजून मागं."

माणसं हसली. मी दोन्ही हात शालीत घेतले आणि सगळ्यांच्या मागं जाऊन उभी राहिले. तिथून आतलं काही दिसत नव्हतं. थोड्या वेळानं धारेचा आवाज सुरू झाला.